नळीतून फक्त पाणी

बायको दवाखान्यात होती तेव्हा तिनं माझ्यावर एकच काम सोपवलं होतं, छतावरचे टमाटर सांभाळायचं. टोमॅटो म्हणा हवं तर. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत टमाटरच.

तिनं ते प्लास्टिकच्या टबांत लावले होते. प्रत्येक टबाला दोन मजले. खाली पाणी, वर माती, आणि कोपऱ्यात पाणी भरायला उभी नळी. माती लागेल तेवढं पाणी आपणच वर ओढून घेते. खत मात्र वरच घालायचं, झाडापासून लांब, कडेकडेनं पट्टा ओढून: मोहरीची खली म्हणजे पेंड, शेणखत, थोडा चुना. दवाखान्यात जाताना रिक्षात एक पाय ठेवून तिनं मला बजावलं, "अहो, नळीतून फक्त पाणी. दुसरं काही खाली गेलं की मुळं सडतात. आल्यावर पहिल्या टमाटरांचं सार मीच करणार."

डॉक्टर धड काही सांगत नव्हते. मग माझ्या डोक्यानं घेतलं, झाडं जगली तर ही घरी येणार. वेडेपणाच तो! पण रात्रभर तिच्या खाटेजवळ बसून सकाळी उन्हं चढल्यावर खासगी बाजारातल्या आमच्या घरी परतलो की चहाच्या आधी मी छतावर जायचो.

फळं धरली होती, हिरवी, बोराएवढी. आणि एकाएकी पानं पिवळी पडायला लागली. पाणी भरपूर, तरी झाडांनी माना टाकलेल्या. मी खत हलवलं, ऊन बघितलं, नर्सरीवाल्याला विचारून आलो. काही उपयोग नाही. शेवटी नळीला नाक लावलं, तर आंबलेल्या दह्याचा भपकारा!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटेच घरी आलो. छतावर दादा उभा. माझा थोरला भाऊ, लग्न न केलेला, जन्मभर आमच्याबरोबरच राहिलेला. देवपूजा त्याच्याकडे. तांब्यातलं अभिषेकाचं पाणी तो नळीत ओतत होता. दूध, दही, मध, साखर, सगळं त्यात.

"अरे, हे काय करतोयस?"

"रोज तिच्या नावानं अभिषेक करतोय. तीर्थ मोरीत कसं ओतू? तुळस तर थंडीनं जळून गेली," तो म्हणाला. "म्हटलं, तिच्याच झाडाला घालावं. तिला पोचेल."

"पोचलं! मारून टाकलंस सगळं! अक्कल काय गहाण ठेवलीस?" आणखीही नको नको ते बोललो. आजही मला तो राग खोटा वाटत नाही. दादा रिकामा तांब्या घेऊन खाली गेला, आणि आमचं बोलणं बंद झालं.

पुढे डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. कशासाठी ते तिलाही कळलं, आम्हालाही. आल्या आल्या तिनं छतावर जायचा हट्ट धरला. दादानं आणि मी खुर्चीत बसवून तिला वर नेलं, एकमेकांकडे न बघता. दादा जिन्याच्या दाराशीच थांबला.

टबांत नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, नाव घेऊन, चढ्या आवाजात. तिनं वाकून नळीचा वास घेतला.

"अगं बाई, पंचामृत!" ती हसली. हसता हसता खोकला आला. "माझ्यासाठी केलं भाऊजींनी?"

"तुझ्यासाठीच! आणि तुझीच झाडं मारली."

एक वाळकं पान तिनं बोटांत चुरलं. मग दादाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "अहो, बोला त्यांच्याशी. या घरात आता तुम्ही दोघंच राहणार आहात."

मला रडू फुटलं. ऊन उतरायला लागलं, तिला गारवा बाधला असता.

"दादा," मी हाक मारली, "ये, खुर्ची धर."