गाडी कोणाला दिली

या व्यवहारातील माझा वाटा आधीच स्पष्ट सांगते. जुनी मोटरसायकल पसंत केली ती आमच्या यजमानांनी, विसार दिला तोही त्यांनीच. ती कायद्याने त्यांच्या नावावर व्हावी म्हणून जे जे अर्ज, जबाब आणि प्रतिज्ञापत्रे लागली, ती मात्र सर्व मी लिहिली. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. तरीही काम अडले.

शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा शिक्षकखोलीत किस्से साठत, कारण तेथे माणसे साठत. निवृत्तीनंतर घरात दोघेच उरलो आणि मला वाटले, आता सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना सांगण्यासारखे काही घडणार नाही. मग दिवाणखान्यात इंजिन आले.

*

यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तरुणपणी त्यांना याच बनावटीची मोटरसायकल घ्यायची होती. परंतु लग्न झाले आणि "स्कूटर घेतली गेली," असे ते आजही म्हणतात. वाक्य कर्मणी आहे, कर्ता सांगितलेला नाही. म्हणून मी उत्तर देत नाही.

देवळ्याला नानाजी आहेर यांच्या कांद्याच्या चाळीच्या टोकाला, ताडपत्रीखाली ती उभी होती. टाकीवर बोटभर धूळ, आरसा नाही, सीटमध्ये उंदरांचा संसार. यजमानांनी चष्मा पुसला तो गाडी पाहण्यासाठी. मी पुसला तो कागद पाहण्यासाठी.

"घाई नको ना करू," नानाजी म्हणाले. "गाडी आठेच शे. कोठे जाई?" आठे म्हणजे अहिराणीत येथे.

मी नोंदणीपुस्तिका उघडली. मालकाचे आडनाव आहेर नव्हतेच, गांगुर्डे होते. हे कोण, असे विचारल्यावर नानाजींनी सांगितले, सासरे. त्यांची सही लागेल, ते कोठे असतात, असे मी विचारले. नानाजींनी बोट वर केले.

यजमानांनी चाळीच्या छपराकडे पाहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "मग त्यांना जरा खाली बोलावता का?"

सुशीलाबाई, म्हणजे नानाजींच्या पत्नी आणि त्या वर गेलेल्या गृहस्थांच्या कन्या, पदराआड हसल्या. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितले त्यात हसू नव्हते. "बाई, भंगारवाला येऊन येऊन थकला. मी नाय दिली. जो चालवील त्यालाच देणार. माझ्या बापानं लग्नात दिली हे मला ती."

*

गाडी टेम्पोतून नाशिकला आमच्या घरी आली. नावावर होईपर्यंत तिला हात लावू नये, हे मी यजमानांना बजावले होते. त्यांनी हात लावला नाही; पाने लावले. आठवडा संपण्याच्या आत टाकी टीपॉयवर, चाके गच्चीवर आणि इंजिन वर्तमानपत्रावर आले. दुसऱ्याच्या, तेही मृत गृहस्थाच्या नावावरची गाडी आमच्या दिवाणखान्यात सुटी होऊन पडली होती. दाराची घंटा वाजली की मी आधी दिवाणखान्याचा पडदा ओढत असे.

एके सकाळी दारात पोलीस उभा. शेजारच्या मुलीच्या पासपोर्टसाठी चौकशी करायला आला होता, हे आम्हांला नंतर कळले. तोपर्यंत यजमानांनी हाताला लागेल ते टाकीवर आणि इंजिनावर पांघरले होते. हाताला लागल्या त्या माझ्या सत्काराच्या शाली.

पोलिसाने खुर्चीवर बसून शेजाऱ्यांविषयी दोन प्रश्न विचारले. जाता जाता त्याची नजर शालींवर स्थिरावली. कडेला तेल उतरले होते.

"आजोबा," तो यजमानांना म्हणाला, "सत्कार कोणाचा केलात?"

*

पेठ रोडवरच्या परिवहन कार्यालयात आमचे काम पाहणारा एजंट प्रवीण हा माझा विद्यार्थी. वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे. कार्यालयात मात्र तो सर्वांच्या पुढे उभा असतो. त्याने सांगितले की आधी गाडी वारसाच्या नावावर करायची, मग तिची मुदत संपलेली नोंदणी नव्याने करून घ्यायची, आणि मगच ती यजमानांच्या नावावर होईल. म्हणून मी पहिल्या अर्जात लिहिले: "सदर मोटरसायकल सौ. सुशीला नानाजी आहेर यांस लग्नात वडिलांकडून आहेर म्हणून मिळाली."

खिडकीतल्या कारकुनाने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले.

"मॅडम, यांना लग्नात आहेर मिळाले, ते कळलं," तो म्हणाला. "गाडीचं काय?"

नानाजी सुशीलाबाईंसह मागे उभे होते. आपला उल्लेख झाला एवढेच त्यांना कळले आणि त्यांनी नमस्कार केला.

प्रवीण माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, 'हुंड्यात मिळाली' लिहू का? सरळ समजेल."

मी त्याला विचारले, "प्रवीण, तू नानाजींना गाडी विकायला आणले आहेस की अटक करवायला?"

"समानार्थी शब्द म्हणून सुचवला, बाई."

अखेर "भेट" हा शब्द सर्वांना मान्य झाला. मला वाटले, सुटलो. तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून पाहत विचारले की गांगुर्डे यांना मुलगी एकटीच का. सुशीलाबाई खाली पाहू लागल्या. एक भाऊ आहे, चांदवडला, असे नानाजींनीच सांगितले.

"मग भावाचं संमतिपत्र आणा. त्याच्या हातचं असलेलं बरं, पुढे वाद नको. वडिलांनी गाडी बहिणीला दिली, एवढं त्यानं लिहिल्याशिवाय ही गाडी जागची हलणार नाही."

ते तसेही खरे होते. चाके गच्चीवर होती.

*

दरम्यान दुसरेच संकट उभे राहिले. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर कागदावर पेन्सिलने घासून त्याची छाप द्यावी लागते. यजमानांनी त्याआधीच गंज काढण्याच्या उत्साहात तो भाग पॉलिश पेपरने घासून लख्ख केला होता. छापेत एक आकडा असा उमटला की तो तीन आहे की आठ, ते ठरेना.

पुस्तिकेत आठ होता. यजमान म्हणाले, आठच आहे. मी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, तीन. उत्तरपत्रिकेत असा आकडा मी चूकच धरला असता.

छाप न्यायला आलेल्या प्रवीणचा चेहरा उतरला. "बाई, इथं चूक धरली तर गुण नाही कापत. नंबर खोडला म्हणून गाडी जप्त करतात."

यजमान खाली बसले. खुर्चीवर नव्हे, खाली. त्यांचा हात इंजिनावर होता. त्या दिवसापर्यंत मी या प्रकाराला त्यांचा छंद समजत होते.

मी जुनी साडी फाडली, रॉकेल मागवले, तो भाग स्वतः पुसला आणि छाप पुन्हा घ्यायला लावली. आठाचे डावे पोट फिकट, परंतु निःसंशय उमटले.

"आता बरोबर?" यजमानांनी विचारले.

"बरोबर," मी म्हणाले. "अक्षर वाईट."

*

उरला तो भाऊ. दत्तात्रय गांगुर्डे, चांदवडला द्राक्षे आणि कांदा. बहीण-भावांत कित्येक वर्षे बोलणे नव्हते, भाऊबीज नव्हती. फोन तुम्हीच करा, असे सुशीलाबाईंनी मला विनवले. त्यांचा आवाज ऐकला की भाऊ फोन ठेवून देतो, म्हणे.

मी फोन केला. माझी ओळख सांगितली, प्रकरण सांगितले, संमतिपत्राचा मसुदा वाचून दाखवला. पलीकडून त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

"तुम्ही शिकवणाऱ्या बाई, म्हणून तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "बापानं गाडी वरातीला दिली होती. वरात घरी गेली. गाडी आली नाय."

म्हणजे आपली संमती नाही का, असे मी विचारले.

"संमती कसली? गाडी नाशकात हे, ते बरं कळलं. मी न्यायला येतो."

यजमान तेव्हा पिस्टन न्याहाळत गुणगुणत होते. मी त्यांना जेवण होईपर्यंत काही सांगितले नाही. सांगितल्यावर ते ताक न घेताच उठले. त्यानंतर फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला की आम्ही दोघेही बोलणे थांबवत होतो. बहुतेक वेळा ते गॅसवाले असत.

*

शेवटी आवाज आला तो पिकअपचाच.

त्याच सकाळी नानाजी आणि सुशीलाबाई प्रतिज्ञापत्रासाठी देवळ्याहून आले होते. मी चहाचे आधण ठेवले होते. दत्तात्रयराव दोर खांद्यावर घेऊन आत आले, बहीण दिसली तसे उंबऱ्याशी थबकले. सुशीलाबाई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नमस्कार फक्त नानाजींनी केला. तो कोणी घेतला नाही.

"गाडी कुठं हे?" दत्तात्रयरावांनी विचारले.

यजमानांनी हात फिरवला. इंजिन वर्तमानपत्रावर, टाकी टीपॉयवर, मडगार्ड सोफ्यावर. "ही सगळीच," ते म्हणाले.

दोर कशाला बांधावा, हे न कळून दत्तात्रयराव बसले. मडगार्ड त्यांनीच सरकवले, पण सावकाश, ओरखडा न पडू देता. मग त्यावरून हात फिरवत राहिले.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. तोंडी परीक्षा मी आयुष्यभर घेतलेल्या आहेत.

"तुमच्या वडिलांनी ही गाडी देवळ्याहून कधी परत मागितली होती का?"

"बाप नाय मागत. मी गेलो होतो मागायला. यांच्या म्हाताऱ्यानं दारातूनच परत लावलं मला." यांच्या म्हणजे नानाजींच्या. नानाजींनी मान खाली घातली.

"वडील स्वतः का गेले नाहीत?"

"म्हणायचा, दिलेली वस्तू मागायची नसते."

"वरात तर त्याच दिवशी संपली, दत्तात्रयराव. मग त्यानंतर दिलेली राहिली, ती कोणाला?"

त्यांनी मडगार्डावरचा हात काढला. आधण उकळत असल्याचा आवाज येत होता. यजमानांच्या हातात एक नट होता. तो ते बोटांत फिरवत होते, आणि त्यांनी तो फिरवणे थांबवले हे मला ऐकू आले.

"कागद द्या," दत्तात्रयराव म्हणाले.

मी कागद दिला आणि एकेक शब्द तोडून सांगितले: माझ्या वडिलांनी ही मोटरसायकल माझी बहीण सुशीला हिला दिली. त्यांनी बराच वेळ घेतला. कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर एकच ओळ होती.

"गाडी वडिलांनी सुशीला दिली."

मी लाल पेनाचे टोपण काढले. एवढ्या खटाटोपानंतर मिळालेले संमतिपत्र, आणि त्याचा अर्थच लागू नये, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. "'सुशीला दिली' म्हणजे मुलगी लग्न करून दिली असे होते. गाडी कोणाला दिली, ते यात आलेच नाही. प्रत्यय राहिला. 'सुशीलेला' असे करा."

"आलंय की," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, कोणाकडेही न पाहता: "सुशी-ला. घरात कुणी सुशीला म्हटलंच नाय तिला."

सुशी, नाम. ला, चतुर्थीचा प्रत्यय. मी ओळ पुन्हा वाचली. वाक्य शुद्ध होते.

स्वयंपाकघराच्या दारातून, पाठ न वळवता, सुशीलाबाई म्हणाल्या, "बाई, दादाच्या च्यात साखर कमी टाका. त्याला गोड चालत नाय."

चहा झाल्यावर ठरले ते असे. ती ओळ लिहिली तशीच राहील; तिच्याखाली सुशीलाबाईंचे पूर्ण नाव आणि नाते वेगळ्या ओळीत येईल. गाडी आधी त्यांच्या आणि मग यजमानांच्या नावावर होईल. रस्त्यावर उतरली की पहिली फेरी देवळ्याहून चांदवडला होईल; गाडी दत्तात्रयराव चालवतील आणि मागे सुशीलाबाई बसतील. नानाजी लगेच हो म्हणाले. प्रवीणने फोनवर मान्य केले. यजमानांना पहिली फेरी सोडायला थोडा वेळ लागला, पण त्यांनी मान हलवली. सुशीलाबाई आणि दत्तात्रयराव यांना कोणी विचारलेच नाही. ते दोघे मडगार्डाचा मूळ रंग कोणता होता यावर भांडत होते.

मी पेनाला टोपण लावले.