‘न्हाय’ म्हणता न येणारी

काल्हेरच्या गोदामातली ती चोरी तशी किरकोळच होती, पण सगळ्या नोकरीतून एकच प्रकरण निवडा म्हटलं तर मी तेच निवडीन. खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात सणच्या सण रस्त्यावर काढले. गुन्हा करून कानावर हात ठेवणारे तर रोजचेच. सराईत माणूस ताकास तूर लागू देत नाही, आणि त्याच्याकडून खरं काढून घेणं हीच आमची रोजीरोटी. पण न केलेला गुन्हा विचारल्याबरोबर अंगावर घेणारी बाई मला एकदाच भेटली. तिने मला जेवढं कोड्यात टाकलं, तेवढं एकाही सराईताने टाकलं नाही.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच धामणकर नाक्यावरची भांडणं दारात उभी राहत: कुणी रिक्षा आडवी घातली, कुणाच्या टेम्पोने हातगाडीला धक्का दिला. अशाच एका सकाळी काल्हेरच्या गोदामाचे सुरक्षा अधिकारी फिर्याद घेऊन आले. ऑनलाइन मागवलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठवला की तो गोदामाच्या रिटर्न विभागात येतो. तिथून मोबाइल फोन नाहीसे होत होते. बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होई, स्वतःचा फोनसुद्धा फाटकाबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे. तरीही माल जात होता.

गुन्हा दाखल झाला, आम्ही गोदामात विचारपूस केली, आणि लगेच ठाण्यात एक फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. ठाणे अंमलदार नकला करण्यात पटाईत होता. त्याने तिचं बोलणं मला तिच्याच सुरात ऐकवलं: “रिटर्न में वो गांववाली लड़की है ना, उसको पूछो. पूछोगे तो बोल देगी.”

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या घरी जायचं असतं. आम्ही निघायच्या तयारीत होतो, तोच ती मुलगी स्वतःच हजर झाली. सोबत तिची वरिष्ठ होती, रिटर्न विभागाची लाइन लीडर. गोदामात या बाईला सगळे ‘ताई’ म्हणत आणि ताई त्या मुलीला ‘धाकटे’ म्हणून हाक मारी. खरी नावं द्यायची नाहीत असं मी ठरवलंय, तेव्हा इथेही त्या ताई आणि धाकटीच.

“साहेब, पोलीस विचारून गेले म्हटल्यावर मीच तिला म्हटलं, चल, लपायचं कशाला,” ताई म्हणाली. चांगली ठसठशीत, बोलकी बाई. धाकटी पंचविशीची असेल. डोंगराकडच्या पाड्यावरून लग्न होऊन भिवंडीत आलेली, नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. ताईला बाहेर बसवून, महिला पोलिसाला शेजारी घेऊन मी धाकटीला पहिलाच प्रश्न विचारला.

“मोबाइल तू चोरलेस?”

“हाय साहेब. मीच चोरले.”

आमचे हवालदार दाराशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

“बाहेर कसे नेलेस?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शाळेत उत्तर न येणारं पोर मास्तरांच्या ओठांकडे बघतं तशी. हवालदारांना राहवलं नाही. “डब्यात घालून ना?”

“हां, डब्यात.”

“का ओढणीत बांधून?” मी विचारलं.

“ओढणीत बी.”

मला आता चोरीपेक्षा या बाईचंच कुतूहल वाटायला लागलं. त्या गोदामाभोवती काँक्रीटशिवाय काही नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, “आणि मग मागच्या विहिरीत लपवलेस.”

“हाय साहेब, हिरीत.”

“पायऱ्यांची विहीर ना ती? आम्हाला दाखवशील?”

“दावते की. चला.” आणि ती खरंच उठून उभी राहिली. नसलेली विहीर दाखवायला.

मी तिला बसवलं आणि विचारलं, “चहा घेणार की सरबत?” आता मात्र ती गांगरली. चोरी कबूल करताना जिचा आवाज हलला नव्हता, तिच्या कपाळावर घाम आला. तिने दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, “ताईला इचारू का?”

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, गुन्हा उघड झाला. अटक दाखवून टाकू. बावळटपणाचं सोंग आहे हे.” त्यांचं अगदीच चूक नव्हतं, सोंगं आम्ही पुष्कळ पाहिली होती. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण एकदा अटक झाली की बाईमाणसाचं काय होतं, हेही माहीत होतं. मी म्हटलं, “आधी विहीर शोधा, मग अटक करू.” त्यांना ते झोंबलं.

तिचा नवरा पाळी सोडून धावत आला. केसात कापसाची तूस तशीच. घाबरला होता आणि रागावलाही होता. घरच्यांनी त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं, की चोरटी सून आपल्या पाड्यावर आणू नकोस, माहेरी सोड. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं?

“ती बोलली आसंल तर केली आसंल,” तो म्हणाला. “पन साहेब, घरात भाजी कुठली करायची त्ये बी ती मला इचारते. मी ड्युटीवर आसलो तर ताईला इचारते. मी रागावलो तर पाय धरते, चूक माजी आसली तरी. येवढ्या चोऱ्या ती कोनाला इचारून करंल?”

तपासातला पहिला अस्सल मुद्दा मला या माणसाने दिला.

सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरबाई होत्या, जुन्या एका प्रकरणातून ओळखीच्या. नवऱ्याला विचारून, धाकटीलाही विचारून (ती अर्थातच ‘हाय’ म्हणाली) मी दोघांना त्यांच्याकडे पाठवलं. डॉक्टरांनी तिच्याशी बऱ्याच भेटींत बोलून घेतलं. तोवर अटक मी थोपवून धरली आणि वरिष्ठांचे टोमणे खाल्ले. मग एके दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं.

“म्हणजे वेड आहे का हो?” मी पोलिसी पद्धतीने थेट विचारलं.

“अजिबात नाही. तिची बुद्धी ठीक आहे, भास नाहीत, भ्रम नाहीत. काम उत्तम करते. हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, परावलंबी व्यक्तिमत्त्व म्हणतात. ताप येतो तसा हा एखाद्या दिवशी येत नाही. माणसाची जगाशी वागायची रीतच लहानपणापासून एका बाजूला कलत जाते. हिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली आहे, की मी एकटी जगू शकत नाही. म्हणून ज्याच्या आधाराने उभी आहे तो रागावेल असं काहीही ती करणार नाही. तुरुंगापेक्षा तिला त्याची भीती जास्त.”

“पण डॉक्टर, आमच्याकडे निम्म्या बायका नवऱ्याला विचारूनच सगळं करतात.”

“म्हणूनच सांगते, कुणाच्याही कपाळावर ही चिठ्ठी चिकटवू नका. गरिबी, धाक, रीत यांनी गप्प बसणारी बाई वेगळी. तिला मोकळीक दिली की ती बोलते. हिला मोकळीक दिली की ही घाबरते. आणि आपल्याकडे ऐकणाऱ्या सुनेचं कौतुकच होतं, त्यामुळे दुखणं कुणाला दिसत नाही.” मग त्यांनी मलाच प्रश्न केला. “तिने चोरी नाकारली असती, तर तिला कोण सोडून जाणार होतं?”

मी रुग्णालयाच्या पायऱ्या उतरत होतो आणि अंमलदाराची नक्कल माझ्या कानात वाजली. पूछोगे तो बोल देगी. तिने चोरी केली असं फोनवरची बाई म्हणालीच नव्हती. विचारलं की ती कबूल करेल, एवढंच म्हणाली होती. धाकटीचा हा स्वभाव इतका नेमका ओळखणारं माणूस कोण?

फोन धामणकर नाक्यावरच्या एका रसवाल्याच्या मोबाइलवरून आला होता. “चार्जिंग खतम बोली, तो मैंने दे दिया,” तो म्हणाला. त्याने वर्णन केलं ते ताईचं.

माल कसा जातो तेही मग सापडलं. खोके फोडून सपाट केलेल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे भंगारवाल्याचा टेम्पो रोज नेई आणि ते कुणीच उकलून बघत नसे. पंच सोबत घेऊन आम्ही टेम्पो अडवला. एका गठ्ठ्याच्या पोटात फोन निघाले. पंचनामा चालू असताना हवालदार, ज्यांचं बालपण लूमच्या खडखडाटात गेलं होतं, सुतळीच्या गाठीकडे बघत राहिले. “साहेब, ही कांडीवालीची गाठ.” आडव्या धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बायका तुटलेलं सूत ज्या बारीक, चपट्या गाठीने जोडतात, ती. ताईने गोदामात येण्याआधी बरीच वर्षं कांड्या भरल्या होत्या. गाठ म्हणजे पुरावा नव्हे, भिवंडीत ती हजारोंना येते. तरी मी धाकटीपुढे पुठ्ठे आणि सुतळी ठेवली आणि बांध म्हटलं. तिने गुडघा रोवला, सुतळीला पीळ दिला आणि टोक आत खोचून टाकलं. पाड्यावर लाकडाची मोळी बांधतात तसं. गाठ मारलीच नाही. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, “विहीर नाही सापडली, साहेब.” मोठ्या मनाचा माणूस.

टेम्पोवाल्याने तोंड उघडलं आणि ताईला अटक झाली. तीही शेवटपर्यंत शांत होती. “तिनं कबूल केलंय ना? मग मला कशाला?”

“तिला तू काय सांगितलं होतंस?”

“काही नाही. एवढंच म्हटलं, माझं नाव आलं तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही.”

धमकी नाही, मारहाण नाही, लालूच नाही. तेवढं पुरलं होतं. मला त्या बाईचा मनापासून संताप आला. मऊ लागलं म्हणून किती कोपराने खणायचं! आणि तरी हेही सांगायला हवं, की ताईने तिला शहरात रिक्षा पकडायला शिकवलं होतं, आजारपणात भाकरी पाठवली होती. धाकटीचं प्रेम उगाच नव्हतं.

संशयातून सुटका झाली म्हणून धाकटी आनंदेल असं मला वाटलं होतं. ती ओक्साबोक्शी रडली. “साहेब, ताईला सोडा, मला ठेवा.” मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. “आता मी कोनाला इचारू? तुमीच सांगा, काय करू.” खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. सगळं आपल्याला विचारणारं माणूस कुणाला आवडत नाही? तिच्या आयुष्यात आलेला प्रत्येकजण असाच हळूहळू हुकूम सोडायला लागला असेल, हे मला त्या क्षणी समजलं. मी म्हटलं, “डॉक्टरांकडे जात राहा असं मला वाटतं. पण जायचं की नाही, ते तू ठरव.” तिने दोन दिवस लावले. मग गेली.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. धाकटी सरकारी पक्षाची मुख्य साक्षीदार, आणि सरकारी वकिलांना घोर लागला होता. उलटतपासणी म्हणजे काय? समोरचा वकील वाक्य तयार करून पुढे ठेवतो आणि म्हणतो, बरोबर ना? जन्मभर ‘हाय’ म्हणत आलेल्या बाईसाठी याहून वाईट जागा नाही. ती तिथे चोरीला ‘हाय’ म्हणाली असती, तर ताई सुटली असती आणि हिच्या माथ्यावरचा डाग कायमचा राहिला असता. नवरा कोर्टाच्या व्हरांड्यात मला भेटला. “डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज घरात मला येकदा तरी न्हाय बोलायचं. आता चा मागितला तरी न्हाय बोलते,” तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, पण तोंडावर हसू होतं. त्याने तिला माहेरी सोडलं नव्हतं.

माझी साक्ष आधीच उरकली होती, म्हणून मला आत बसता आलं. ताई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती आणि एकटक धाकटीकडे बघत होती.

“तुम्ही स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेलात?” ताईच्या वकिलांनी विचारलं.

“हाय.”

“ताईंनी तुमच्यावर पुष्कळ उपकार केलेत?”

“हाय.”

“चोरी मीच केली, असं तुम्ही साहेबांना सांगितलंत?”

“हाय.”

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे चोरी तुम्हीच केलीत. बरोबर?”

ती ताईकडे बघत राहिली. हात साक्षीदाराच्या कठड्यावर घट्ट. न्यायाधीशांनी मान वर केली. मी आयुष्यात कित्येक आरोपींच्या उत्तराची वाट पाहिली, पण अशी कुणाच्या पाहिली नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. “न्हाय. मी केली न्हाय.” आणि रडायला लागली. ताईने मान खाली घातली.

पोलिसात आम्हाला माणूस खोटं का बोलतो ते शिकवतात: पैसा, सूड, भीती. त्या भीतीच्या खान्यात मी नेहमी मार, तुरुंग, बदनामी एवढंच धरत आलो होतो. आपल्याशी कुणी बोलायचं थांबेल, ही भीती या सगळ्यांच्या वर बसू शकते, हे मला धाकटीमुळे कळलं. तेव्हापासून पटकन ‘हो’ म्हणणारं माणूस दिसलं की मी त्याच्या गुन्ह्याआधी त्याच्या आजूबाजूच्यांकडे बघतो. निवृत्त झालो तरी सवय गेलेली नाही, लग्नकार्यातसुद्धा बघतो.

कोर्टाबाहेर ती आणि नवरा उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, “शाब्बास. दमलीस, आता सरळ घरी जा आणि आराम कर.”

माझ्या तोंडाकडे बघायची तिची जुनी सवय होती. तिने बघितलं, थोडा विचार केला.

“न्हाय साहेब,” ती म्हणाली. “आज शुक्रवार हाय, लूम बंद. आमी बाजारात चाललो. मी ठरवलंय.”