दोरा तोडायचा दात

माझी थोरली जाऊ दोरा दाताने तोडायची. कात्री हाताशीच पडलेली असायची, पण शिलाई संपली की कापड तोंडाशी जायचं, मान जराशी तिरकी व्हायची आणि कट् करून दोरा तुटायचा. शिवण शिकवणाऱ्या बाईंनीच तिला ही खोड लावली होती. कात्री शोधा, उचला, कापा, परत ठेवा, तेवढ्यात एक बटण लावून होतं म्हणे.

जिन्याखालच्या आमच्या एवढ्याशा दुकानात ती कपडे दुरुस्त करते आणि मी इस्त्री करते. लग्न होऊन आले तेव्हा मी घरात नुसती भिंतींकडे बघत बसायचे, तर हिने स्वतःची बांगडी मोडून मला इस्त्री घेऊन दिली. परत कधी त्या बांगडीचं नाव काढलं नाही. नवे कपडे शिवायला आमच्याकडे कोणी येत नाही. पँटची उंची कमी करणारे, चेन बदलणारे, उसवलेलं शिवून घेणारे येतात. आहे ते पुरवून वापरणारे लोक, आमच्यासारखेच.

इतक्या वर्षांत तिच्या वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती. "ही माझी सही," म्हणायची आणि रस्त्यावरचा माणूस वळून बघेल अशी हसायची. मग तो दातच दुखायला लागला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, ओठ नाकापर्यंत सुजला तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या, हेच वाईट झालं. उद्धट असत्या तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून नीट समजावून सांगितलं. "आतली नस मेली आहे. रूट कॅनाल केलं तर दात राहील. तीनदा यावं लागेल, शेवटी वर कॅप. पैसे त्या त्या वेळी दिलेत तरी चालतील."

"आणि काढून टाकला तर?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते स्वस्त आहे. आत्ता होईल."

थोरल्या दिरांच्या कंपनीचा विमा आहे, तो मी पुढे केला. त्यात दात बसत नव्हते. हात मोडला, पाय मोडला तर पैसे मिळतात. दात मात्र शरीरात धरत नाहीत, तो दागिना असावा.

खरी गोम अशी, की तिच्याकडे पैसे होते. पायाने मशीन चालवून तिचे गुडघे गेलेत, म्हणून नव्या विजेच्या मशीनसाठी ती कित्येक वर्षं साठवत होती. शिलाई संपली की बटण दाबायचं, मशीन आपला दोरा आपणच कापतं. मशीनच्या दुकानात जाऊन ती त्यावरून हात फिरवून यायची.

"काढून टाक," दीर म्हणाले. "एका दाताने काय होतंय?"

"आधी तुमचा पुढचा काढा, मग बोला," ती म्हणाली. दात ठेवायचं ठरलं.

पहिल्या खेपेलाच ठणका गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं हसू पुन्हा जिन्यावर ऐकू जायला लागलं. दुसऱ्या खेपेची तारीख आली तेव्हा काम फार होतं. पुढच्या आठवड्यातही फार होतं. दवाखान्यातून फोन आला, तिने उचलला नाही.

"ताई, अर्धवट सोडू नका," मी चिडून म्हटलं. "दात आतून पोकळ केलाय. वर नुसतं तात्पुरतं भरलंय."

"अगं, उसवलेलं शिवून दिलं की आपण वर अस्तर लावून देतो का? गिऱ्हाईक तरी देईल का त्याचे पैसे? टाका धरला की काम संपलं."

आमच्या धंद्यातलंच बोलली. मी इस्त्री तापवायला लावली. महिन्याभरात मशीन आलं. पहिल्यांदा बटण दाबून दोरा आपोआप कापला गेला तेव्हा तिने मला हाक मारून तीनदा दाखवलं. गुडघ्यांना आराम पडला. मलाही वाटलं, बरंच केलं हिने.

मग एक गिऱ्हाईक जाड कोट घेऊन आलं. जाऊबाई शिवत होती आणि त्याच्याशी बोलत होती. शिलाई संपली. बटण बोटाखालीच होतं, पण लक्ष बोलण्यात, आणि हातांनी वर्षानुवर्षांचं तेच केलं. कापड ओढून वर गेलं, मान तिरकी झाली. कट् आवाज आला. दोरा तुटला नव्हता.

"मुळापर्यंत चिरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता काढावाच लागेल." रागावल्या नाहीत. त्यांनाही अशी माणसं रोज भेटत असणार.

"म्हणजे पहिल्याच दिवशी काढायला हवा होता," जाऊबाई बाहेर आल्यावर बोळा चावत म्हणाली. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. मी बाई दोन्ही एकदम धरायला गेले." मला रडू आलं. तिने माझी पाठ थोपटली, दात तिचा गेला असून.

आता ती तोंडावर हात धरून हसते. जिन्यावर ऐकू जात नाही. कात्री नाडीने गळ्यात अडकवलेली असते, तरी हाताने बटण लावताना दोरा ओठांपर्यंत जातोच आणि तिथे थबकतो. काल तिने तो तसाच माझ्यापुढे धरला.

"तू तोड गं. तुझे दात धड आहेत."

मी तिच्या गळ्यातली कात्री ओढून दोरा कापला.

"भित्री कुठली," ती म्हणाली.

माझी उजवीकडची दाढ महिनाभर ठणकते आहे. मी डावीकडून जेवते, तिच्याकडे पाठ करून गोळी घेते. तिला कळता कामा नये. कळलं तर ती मशीन विकून येईल.