पाटापलीकडची ओळ

“आत्या, मीच नीट ऐकलं नसेल का?” सुनेनं मला विचारलं.

“औषधाच्या गुंगीत हुतीस तू,” मी म्हणाले. “सुटलं असंल कानातनं.”

तिच्या कानातून काही सुटलं नव्हतं. एक ओळ मीच वाचली नव्हती. आणि हे मला तिनं विचारायच्या तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. मुलाला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढंही कधी मोठ्यानं बोलले नाही. तुम्हाला सांगते.

माझी सून वैशाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. बेलापूरच्या घरात बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. दूध घालायला गेलं की फॅट मोजायचं यंत्र असतं ना — त्याच्या आतला प्रोग्राम लिहायची. मग तिच्या डोळ्याचा पडदा सरकला. नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, बारा दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही, स्क्रीनकडं तर बघायचंच नाही.

आणि तेवढ्यातच ती यंत्रं बंद पडायला लागली. केंद्रावर कॅन घेऊन माणसं उभी आणि यंत्र मधेच गप्प. बंद पडताना ते एक आकडा मागं ठेवायचं — मेमरीत नेमकं कुठं अडकलं त्या जागेचा पत्ता. त्या जागी प्रोग्रामचा कोणता तुकडा बसलाय ते एरवी कॉम्प्युटर आपणहून सांगतो. या वेळी सांगत नव्हता. मग राहिली मूळ यादी. प्रोग्राम तयार होतानाच ती त्याच्यासोबत ठेवलेली असते, बिघाड शोधायला: कोणत्या नावाचा तुकडा कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत. ती ओळीनं बघत जायची आणि तो आकडा कुणाच्या हद्दीत पडतो ते शोधायचं.

दुसऱ्या कुणालाही हे जमलं असतं. पण तिचं कंत्राट महिन्याभरात संपत होतं आणि पुढं ठेवायचं की नाही ते याच कामावर ठरणार होतं. ती फोनवर म्हणाली, मीच शोधते, घरी वाचायला माणूस आहे.

माणूस म्हणजे मी. चौथी पास.

आकडे मला वाचता येत होते. त्या पत्त्यांत नवाच्या पुढं ए ते एफ अशी अक्षरं येतात, ती सहा तिनं शिकवली. इंग्रजी नावं वाचता येईनात, म्हणून नावाच्या जागी मी ‘पहिलं’, ‘दुसरं’ असं मोजत जायचं. ती खाटेवर पालथी, तोंड फरशीकडं. मी खुर्चीत, लॅपटॉप मांडीवर.

“आत्या, डावीकडचा आकडा त्याचा. उजवीकडचा त्याचा नाही, तिथून पुढच्याची हद्द.”

“म्हंजी बांध शेजाऱ्याचा.”

ती फरशीकडं बघूनच हसली. “तुम्ही तर इंजिनिअर झालात.”

दोन दिवस वाचलं. दुसऱ्या दिवशी एक नाव आलं, त्याच्याखाली आकड्यांच्या दोन जोड्या होत्या. बाकी सगळ्यांना एकेकच. दुसरीतले आकडे तर कुठल्या कुठं लांबचे. मला वाटलं, दोनदा लिहिलंय, तलाठ्याच्या कागदावर कधी होतं तसं. विचारायचं होतं ना? ती दोन हातांवर होती. पण विचारलं असतं तर पुन्हा अडाणी दिसले असते. पहिली जोडी वाचली, दुसरी सोडली, पुढं गेले.

शेवटी तो आकडा कुणाच्याच हद्दीत बसला नाही.

“एकही ओळ सुटली नाही ना?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

मग तिनं ऑफिसला फोन लावून सांगितलं, ही जागा आपल्या प्रोग्रामची नाही, बिघाड यंत्र बनवणाऱ्यांच्या भागात आहे. पलीकडच्यानं खात्री विचारली असावी. ती म्हणाली, “आमच्या आत्यांनी वाचलंय. त्यांची एक ओळ चुकायची नाही.”

माझ्या वाचण्याबद्दल आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. मला ते आवडलं. फार आवडलं — हेच तर सगळ्याचं मूळ आहे.

दुपारी मी घास कापायला पाटापलीकडच्या रानात गेले. आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. घराजवळ एक, पाटाच्या पलीकडं एक. मधे इतरांची रानं. नाव एकच. विळा हातात घेतला आणि तिथंच उमगलं, एका नावाची जागा दोन ठिकाणी असू शकते. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? पन्नास वर्षं मी तो पाट ओलांडतेय.

लेखी उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. म्हणजे वेळ होता. भारा तिथंच टाकून मी घरी आले, तिच्या खाटेजवळ उभी राहिले आणि म्हणाले, “चहा टाकू का?”

एवढंच बोलले.

तीन आठवड्यांनी यंत्रवाल्यांनी तीच यादी उघडून दुसरी जोडी दाखवली. यंत्रात नासलं दूध आलं तर काय करायचं, तो तुकडा होता. क्वचित लागतो म्हणून कॉम्प्युटरनं लांब नेऊन ठेवलेला. वैशालीनंच लिहिलेला. बिघाडाचं कंपनीला एवढं नव्हतं म्हणे. खात्री देऊन दुसऱ्यावर ढकलला, ते त्यांना लागलं. कंत्राट पुढं गेलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला तो प्रश्न विचारला. खरं सांगायची वाट तिनं स्वतःच मोकळी करून दिली होती. मी ते तिच्या औषधावर ढकललं.

डोळा बरा झाला. दुसरीकडून दोनदा बोलावणं आलं, ती गेली नाही. आता फोनवर कुणी नंबर सांगायला लागलं की ती म्हणते, “थांबा हं, आत्यांना देते. माझ्या कानांचा भरवसा नाही.” आणि फोन माझ्या हातात देते. मी लिहून घेते. एकही आकडा चुकत नाही.

मी म्हातारी होते, शिकलेली नव्हते, असं मी म्हणणार नाही. आकडे मला येत होते आणि पाट मला माहीत होता.

ओळ मी सोडली. पालथी पडून यादी वैशालीनं ऐकली, काम वैशालीचं गेलं, आणि चूक आपलीच होती असं आजही वैशालीच समजते.