मोरचुदातलं तांबं

ब्युरेट हातात आलं की मॅडम वेगळ्याच होतात, असं मी रसायनशास्त्र शिकवते त्या कॉलेजातली पोरं म्हणतात. खरं आहे. एरवी मी तापट. त्या काचेच्या मापनळीपाशी मात्र एकेका थेंबासाठी थांबते.

अमडापूरकडे दादाची लिंबूबाग आहे. झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळायला लागला, तसं मोरचूद आणि चुन्याचं मलम लावणं सुरू झालं. ते कालवायचं काम वहिनीचं. डिंक काही थांबेना आणि दादाने सगळं खापर तिच्यावर फोडलं. "हिच्या हाताले गुणच नाही," असं आल्यागेल्याला सांगायचा. वहिनी मान खाली घालून ऐकायची. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

"मोरचुदात तांबं असतं, गुण त्याचा," मी दादाला म्हणाले. "ते मोजता येतं. दोष हाताचा की मालाचा, मी सांगते."

"सांग ना मंग. दुकानदारानं फसवलं असंन तर त्यालेबी पाहतो."

वहिनीने दोन नमुने दिले: पुडीतली निळी भुकटी, आणि त्याच भुकटीचं रात्रभर भिजवलेलं, चुना घालायच्या आधीचं पाणी. ते हिरवट आणि गढूळ होतं. यात लोखंड उतरलंय हे मी बघताक्षणी ओळखलं. पण दादाला माझा अंदाज पुरणार नव्हता, आकडाच हवा होता.

नमुन्यात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की तांब्याच्या प्रमाणात आयोडीन सुटतं आणि पाणी तपकिरी होतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचं आणि रंग जाईपर्यंत किती लागलं ते वाचायचं; त्यावरून तांबं किती ते कळतं. गंमत अशी, की गंजलेलं लोखंडही आयोडीन सोडतं आणि तांब्याच्या नावावर खपून जातं. मी कसली खपवून घेते! आधी सोडियम फ्लोराइड टाकून त्याचं तोंड बंद केलं. रंग फिका पिवळा झाल्यावर स्टार्च घातला, पाणी निळंकाळं झालं आणि शेवटच्या थेंबाला निळेपणा गेला. पुन्हा करून पाहिलं, आकडा तोच. भुकटी चोख होती. भिजवलेल्या पाण्यात मात्र घातलेल्या मोरचुदाच्या मानाने निम्मंही तांबं उरलं नव्हतं.

तडक शेतावर गेले. "मोरचूद कशात भिजवता?"

"लोखंडी घमेल्यात," वहिनी दादाकडे बोट दाखवत म्हणाली. "यायनंच सांगतलं."

घमेलं उपडं करून धुतलं. आतून लालसर झालं होतं. खरवडलं तर तांब्याचा पापुद्रा हातात आला.

"हे बघ तुझं तांबं," मी दादाला म्हणाले. "ते घमेल्याला चिकटलं आणि घमेल्याचं लोखंड पाण्यात उतरलं. झाडांना तू गंजाचं पाणी लावलंस."

"बाबाच्या काळापासून यातच भिजोतो आपन!"

"म्हणजे बाबांच्या काळी वहिनीच कालवत होती का?"

दादाने घमेलं पायाने दूर सारलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? थोड्या वेळाने त्याने प्लास्टिकची बादली आणली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "सरक. आता मीच कालवतो," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीने बादली आपल्याकडे ओढली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "राहू द्या. नावं ठेवाले माहेच हात होते. आता गुण येईन तवाबी माहेच राहतीन."