शिखरावर न फुटलेला नारळ

आमच्या लीडरबाईंनी मला फसवलं. शिखराच्या खाली उभं करून त्यांनी मला सांगितलं, हेच शिखर. मी ते खरं मानलं आणि पुढे कितीतरी वर्षं लोकांना तेच सांगत राहिले.

मला फसवणं सोपं नाही. भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत आज माझं भांड्यांचं दुकान आहे, पण सुरुवात डोक्यावरच्या टोपलीनं झाली. जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर स्टीलचं भांडं द्यायचं. स्टील प्लांटच्या सेक्टरांतल्या क्वार्टरच्या बायका एका साडीवर पातेलं मागायच्या, मी वाटीवर अडून बसायचे. साडी उजेडात धरून कुठे विरली आहे ते बघितल्याशिवाय टोपलीत टाकत नसे. एकदा एका बाईनं फाटलेला पदर आत घडी घालून दिला, तेव्हा मी तिच्या पायरीवर टोपली उतरवून सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं बोलले होते. राग माझ्या नाकावर असतो, हे मी नाकारत नाही.

लीडरबाई सेक्टर १० मध्ये राहायच्या. प्लांटमधल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, आमच्या विदर्भातल्याच. त्यांनी बायकांचा एक गिर्यारोहणाचा गट काढला होता. त्यातली एक गळाली, तेव्हा माझ्याशी एका डब्यावरून घासाघीस करता करता त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर ओझं घेऊन सेक्टर पालथे घालता. चला आमच्यासोबत."

"मले काय भेटन?"

"टोकावर उभं राहायला मिळेल."

एवढाच सौदा ठरला. मी दुसरं काही मागितलं नाही.

तो सगळा हिवाळा राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणींजवळच्या लाल टेकड्यांवर दोराचा सराव केला. घरी नवरा म्हणाला, "जाऊन राहिली त जाय, पण तिथल्या बरफाचा भाव नको करू." निघताना दुर्गच्या बाजारातून मी एक नारळ घेतला, चांगला हलवून, पाण्याचा आवाज ऐकून. हिमालयात, गढवालात पोचल्यावर आमच्या वाटाड्यानं तो माझ्याकडून मागून घेतला आणि पिशवीत ठेवला. त्यांच्याकडे शिखरावर देवाला नारळ फोडल्याशिवाय कोणी खाली येत नाही, असं त्यानं सांगितलं.

चढाईबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी थकव्याबद्दलच बोलते, कारण मला दुसरं फारसं आठवत नाही. एक पाय बर्फातून काढायचा, पुढे टाकायचा, काठीवर रेलून उभं राहायचं. डोकं ठणकायचं, पाणीसुद्धा पोटात टिकायचं नाही. आमच्या दोरीवर वाटाड्या, लीडरबाई, मी आणि आणखी एक बाई. ती बाई शेवटी शेवटी रडतही नव्हती, नुसती उभी राहायची. टोपली डोक्यावर असताना कुठल्याही पायरीवर ती उतरवता येते. इथे उतरवायला काही नव्हतं, माझंच अंग मला जड झालं होतं.

मग धुकं आलं. एका उंचवट्यावर दगडांची रास होती. लीडरबाई आणि वाटाड्या वाऱ्याकडे पाठ करून काहीतरी बोलले. मग बाई माझ्याकडे आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, पोचलो. हेच टोक."

मी पुढे काही आहे का ते बघितलं नाही. उभं राहायला मिळालं होतं. टोपलीखाली ठेवायची माझी लाल कापडाची चुंबळ मी खिशातून आणली होती. इतकी वर्षं तिनं ओझं सोसलं होतं. ती त्या राशीत दगडाखाली दाबून ठेवली आणि फोटो काढून घेतला. नारळाचं विचारलं तर बाई म्हणाल्या, वारा फार आहे.

खाली आल्यावर वाटाड्यानं नारळ माझ्या हातात परत दिला. "अगली बार फोड़ेंगे, दीदी," म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तोही थकला असेल, असं मला वाटलं.

भिलाईत हार पडले. ज्या बायका मला दारातून भांडेवाली म्हणून हाक मारायच्या, त्या खुर्ची द्यायला लागल्या. शाळांमधून झेंडावंदनाला बोलावणं यायचं. टोकावरून काय दिसतं, असं मुली विचारायच्या. मी सांगायचे, ढग.

बऱ्याच वर्षांनी प्लांटमधली तरुण मंडळी त्याच डोंगरावर जाऊन आली. क्लबच्या हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. लीडरबाई पहिल्या रांगेत होत्या, मी मागे. एका फोटोत तो उंचवटा आला, दगडांची रास आली आणि दगडाखालून डोकावणारी, रंग उडालेली माझी चुंबळ. दाखवणारा इंजिनिअर हिंदीत म्हणाला, खरी चढाई इथून सुरू होते, पुष्कळ लोक यालाच टोक समजतात. हॉल हसला. पुढच्या फोटोत टोक होतं. तिथे त्रिशूळ होते, घंटा होती आणि बर्फात गोठलेल्या नारळाच्या करवंट्या.

वाटाड्यानं नारळ का फोडला नाही, ते मला तेव्हा कळलं. माझ्याशी खोटं बोलणं त्याला जमलं, देवाशी नाही.

मी बाईंना स्कूटर स्टँडवर गाठलं. "वहिनी, तुमाले माहीत होतं?"

त्या लगेच हो म्हणाल्या. सोबतच्या बाईचे ओठ निळे पडले होते, पुढे नेलं असतं तर एखादी परत आली नसती, असं म्हणाल्या.

"मंग तसं सांगाचं होतं. मी आले असते वापस."

"तुम्ही आल्या नसत्या. मी तुम्हाला ओळखते."

त्यावर मी जे बोलले ते सगळ्या स्टँडनं ऐकलं. त्या मान खाली घालून स्कूटरकडे निघून गेल्या. पुढे त्यांच्या यजमानांची बदली झाली.

आता माझे गुडघे दुकानाचा ओटा चढतानाही दुखतात. परत त्या डोंगरावर जाणं होणार नाही. नारळ देवघरात आहे. आतलं पाणी आटलं, हलवला की गोटा वाजतो. मी कोणाला तो फोडू देत नाही.

वहिनी, तुम्ही आम्हाला मागे फिरवलंत, ते बरोबर असेल. त्याबद्दल माझं भांडण नाही. पण खाली तंबूत आपण चहा पीत बसलो होतो, तेव्हा का नाही सांगितलंत? हार घालताना तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, तेव्हा का नाही? शाळेतल्या मुलींपुढे मला इतकी वर्षं खोटं का बोलू दिलंत? जिथे असाल तिथून या. माझ्या दुकानात बसा, नारळ मध्ये ठेवते, आणि याचं उत्तर द्या.