देवी प्रसन्न, पुढे तीन टिंबं

आमच्या घाटकोपरच्या घरी पप्पांनी कॉम्प्युटर हातात घेतला तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावाची सुरुवात ‘॥ श्री देवी भगवती प्रसन्न ॥’ अशीच. गावाहून येणाऱ्या पत्राच्या माथ्यावर असायचं तसं. गटाराची तक्रार असो की माझ्या लग्नाचा बायोडाटा, आधी देवी. मी एकदा म्हटलं, "पप्पा, फाइलला कशाला?" तर म्हणाले, "देवीचा नाव नाय घालूचा तर काय तुझ्या सायबाचा घालूचा?"

गंमत म्हणजे मी पोट भरते तेच मुळी फाइलींची यादी पडद्यावर नीट दिसावी या कामावर. नव्या स्क्रीनवर अक्षरं मोठी केली की नावांचा कॉलमही रुंद झाला पाहिजे, असं अंधेरीच्या ऑफिसात सांगून सांगून माझा घसा बसला. साहेब म्हणाला, "इतकी लांब नावं ठेवतं कोण यार?" आता माझ्या बापाचं नाव सांगू का त्याला?

पप्पांना नीट दिसत नाही म्हणून मी भलामोठा फोर-के मॉनिटर आणला. त्याचे ठिपके इतके बारीक की अक्षरं मुंगीएवढी झाली. ती मोठी केली, तर आमच्याच ऑफिसच्या कृपेने कॉलम होता तेवढाच. अर्धा पडदा रिकामा आणि डावीकडे वरपासून खालपर्यंत ‘॥ श्री देवी भग...’. वाट लागली.

नेमका तेव्हाच पप्पांना आईचा आवाज ऐकायचा होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा फोन बंद पडायच्या आधी त्यातलं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवलं होतं, पण नाव काय दिलं ते आठवेना. ‘आई’ शोधलं, ‘आवाज’ शोधलं, काही नाही. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हा ते शोधण्यात अर्थच नव्हता. एकेक उघडत बसलो. गटार. टाकीवरची कबुतरं. पुन्हा गटार. पप्पांचा चेहरा उतरत चालला आणि मला साहेबाला धरून बडवावंसं वाटायला लागलं.

कॉलम ओढून रुंद करावा, तर त्याच्या कडेची रेघ केसाएवढी. माउस टेकला की निसटायचा. "थांब, मी धरतंय," म्हणत पप्पांनी रेघ पळू नये म्हणून खरोखरच काचेवर बोट दाबून ठेवलं. मी आयटीतली बाई, मीही म्हटलं, "घट्ट धरा हां." आणि ओढली गेली की. देवीच्या पुढचं सगळं दिसायला लागलं. मधेच एक नाव होतं, ‘हिचा राग’.

मी ते लावलं. आईच होती, कॉम्प्युटरला डबो म्हणणारी. "अहो, तो डबो बंद करा आदी नि जेवूक येवा. कितके वेळा सांगू? सगळा निवान गेला."

"इलंय गो," पप्पा म्हणाले. नेहमीसारखं थेट बोर्डावरचं बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. आमची जेवणं केव्हाच झाली होती. मी डोळे पुसले आणि भात गरम करायला ठेवला.